काळ्या कापडाखालचा कॅमेरा

मी, केवलराम दुधराम कटरे, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार कुडवा, तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा, कोणाच्या दबावाखाली नसताना व बुद्धी ठिकाणावर असताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. पुढचे वाचून कोणी शंका घेईल, म्हणून डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घेतले आहे.

बिरसीची धानाची शेती व कुडव्याचे घर मुलगा लखनलाल याचे. स्टुडिओतले पडदे, खुर्च्या, छोटा कॅमेराही त्याचाच. माझा धाकटा भाऊ चैतराम यास काही नाही. माझी बायको रुख्मा पोटातल्या गाठीने गेली, तेव्हा तो तेरवीला पोटभर जेवून गेला. आजारपणात मात्र एकदाही फिरकला नाही.

मोठा कॅमेरा विकू नये. त्याचे कारण असे.

रुख्मा गेल्यानंतर, १९५३ साली डॉक्टर शालीकराम येळे यांना गाठीच्या ऑपरेशनचे अगदी जवळून फोटो हवे होते, विद्यार्थ्यांना दाखवायला. छोटा कॅमेरा चालेना. फार जवळ गेले की डोळ्याला दिसते एक आणि फिल्मवर येते दुसरेच. म्हणून नागपूरहून लांब भात्याचा, मागे घासलेली काच असलेला कॅमेरा निवडून आणला. काचेवर दिसेल तेच फोटोत येते. फक्त काचेवर ते उलटे दिसते. भिंग लांबचे घेतले, टेबलाला न खेटता जखम मोठी यावी म्हणून. भुलीच्या ईथरच्या वाफेत फ्लॅशचा भडका नको, म्हणून खिडकीचा उजेड आरशाने वळवला.

टेबलावर बिरसीची देवकाबाई होती, बेशुद्ध, तोंड झाकलेली. मी काळ्या कापडाखाली शिरलो. काचेवर ती गाठ दिसली आणि माझ्या तोंडून 'रुख्मा' निघाले, माझे मलाच जेमतेम ऐकू येईल इतके.

देवकाबाई वाचली. बरी झाल्यावर तांदूळ घेऊन स्टुडिओत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊ, रुख्मा कोन व्हय?"

"हे नाव तुले कोनं सांगितलं?"

"तिनंच. तुमच्या काचेत आमी दोघी होतो. डॉक्टरचे हात उलटे दिसून राहिले होते. मी वापस निंगाली तं थे म्हणे, बाई, तू काऊन चालली?"

काच उलटे दाखवते हे तिला ठाऊक असायचे कारण नव्हते. मी तिला कापडाखाली पाहायला लावले. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली ती घाम पुसत.

"आहे," म्हणाली. "तिले जाऊ द्या, भाऊ. भिंगाचं झाकन काढून आंगनात ठेवा."

मी ठेवला नाही. माझ्याने झाले नाही. तेव्हापासून रोज कापडाखाली बसतो. मला रिकामा स्टुडिओ उलटा दिसतो, बाकी काही नाही. पण कधी कधी काचेवर वाफ धरते. पुसून पाहिली, पुसली जात नाही. ती आतल्या बाजूने असते.

म्हणून हा कॅमेरा देवकाबाईस द्यावा. माझे क्रियाकर्म आटोपल्यावर तिने एकदा आत पाहावे. लखनलालने मधे बोलू नये. ती "एकटीच आहे" म्हणाली, तर झाकण काढून कॅमेरा अंगणात ठेवावा व रुख्मास मोकळे करावे. "दोघं आहेत" म्हणाली, तर झाकण घट्ट लावावे, भाता मिटावा आणि आम्हाला पुन्हा कोणी उघडू नये.

सही: केवलराम दुधराम कटरे

साक्षीदार: १) डॉ. शालीकराम येळे २) हिरालाल पटले
(देवकाबाईस वस्तू मिळणार असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.)

मुक्काम गोंदिया, ता. १२ फेब्रुवारी १९५८