टेलरबाईची माफी

ता. ४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझी गोष्ट आमच्या विज्ञानकथासंग्रहात घेतली, हे फोनवर सांगितलंच होतं. आता वाईट बातमी. प्रकाशकसाहेबांना तिचा शेवट खटकलाय. तुझ्या टेलरबाईचा यांत्रिक हात भाड्याचा, कंपनी तो दुरून बंद पाडते आणि शेजारीपाजारी मिळून तो पुन्हा चालू करतात, इथवर त्यांना चालतंय. पण हात परत न्यायला आलेल्या माणसाला ती दारातूनच हाकलते, ते नको. भविष्य आशादायक दिसायला हवं, म्हणून तिने माफी मागून हात परत द्यावा म्हणे. तसा शेवट त्यांनी गोष्टी लिहिणाऱ्या यंत्राकडून लिहूनही घेतलाय, सोबत पाठवतेय. नाहीतर गोष्ट वगळा, असं सरळ म्हणाले.

आत्या, संपादक म्हणून माझं हे पहिलंच पुस्तक गं. दोन पानांचा तर प्रश्न आहे. ऐकशील ना? गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

तुझ्या रागाला आधीच घाबरलेली,
ठमी

ता. ९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

गुडघा ठणठणीत आहे, डोकं फिरलंय. यंत्राने लिहिलेला शेवट वाचला. म्हणे हात परत देऊन माझी टेलरबाई हात जोडून उभी राहते! अगं, दिल्यावर जोडणार काय, कपाळ?

इस्पितळात मी जन्मभर कृत्रिम हात बसवले. हात बसला की कुणी आधी पेला धरून बघतं, कुणी लेकराच्या गालाला लावतं. तो परत मागायला कुणी आलं, तर मीसुद्धा हाकलून देईन. साहेबांना आशादायक भविष्य हवंय ना? मग शेजारी धावून आले, ती आशा नाही तर काय?

गोष्ट खुशाल वगळ. पण माझी बाई माफी मागणार नाही, म्हणजे नाही. नमतं घेण्यात तू अगदी बापावर गेलीस. वाईट वाटलं, म्हणून सांगून टाकलं.

माया आहे तेवढीच आहे, कमी झाली असं समजू नकोस.
तुझी आत्या

ता. २२ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बापावर गेले असेन, पण हट्ट तुझाच घेतलाय.

आमच्या संग्रहातले सगळे हौशी लेखक दर शनिवारी जमून एकमेकांच्या गोष्टी वाचतात. तुझी टेलरबाई त्यांना घरचीच झालीये. मी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि पुढच्या शनिवारी बघते तर काय, प्रत्येकाने तिला आपल्या गोष्टीत आणून बसवलेली! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या गोष्टीत ती बोलणाऱ्या लिफ्टशी भांडते. नर्सबाईंच्या गोष्टीत मेंदूला तारा जोडलेल्या म्हाताऱ्याचा सदरा रफू करते. सगळीकडे तोच हात, मजेत चाललेला.

साहेब भडकले. पुस्तक बंद करीन म्हणाले, मला घरी बसवीन म्हणाले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू? तरी म्हटलं की बसवा. मग ते लाल पेन घेऊन तिला एकेका गोष्टीतून खोडायला बसले. शेवटी वैतागून म्हणाले की ही बाई काढली तर पुस्तकात उरतं काय? मी म्हटलं की मी तरी दुसरं काय सांगतेय?

काल पानं छपाईला गेली, तुझी गोष्ट मूळ शेवटासकट. तुझ्या बाईने माफी मागितलेली नाही. मीही नाही.

लोभ वाढू दे, धपाटे पुरेत.
तुझीच ठमी