बाबांचा टेप आणि आईचं पथ्य

आत्या, नमस्कार. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, आणि उत्तराला आठवडा लागला म्हणून रागवूही नकोस. मी एका बोटाने टाइप करते, आणि त्याच बोटात काल सुई गेली. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत. (हे बाबांनी लिहायला लावलं. आता ते शिवलेले कपडे पोचवायला गेलेत, म्हणून पुढचं खरं लिहिते.)

झालं असं, की आपल्या दुकानात कोट शिवायला एक डॉक्टरीणबाई येतात. त्या म्हणाल्या, चाळिशी उलटली, दोघांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल बघून घ्या. बाबा म्हणाले, त्याला रक्त कशाला, टेप आहे की! आणि भर दुकानात सगळ्यांच्या कमरा मोजल्या. आई अडतीस, बाबा एकोणतीस. (मी ट्रायल रूमच्या पडद्यामागे लपले होते, तिथे येऊन मलाही मोजलं. सव्वीस.) निकाल लागला, आजारी आई. त्या दिवसापासून आईला उकडलेलं, आणि तिच्या वाटचं तळलेलं वाया जाऊ नये म्हणून ते बाबांना. घरासाठी माणूस किती झिजतो बघ.

कोट न्यायला आल्यावर बाईंनी दोघांना तपासणीला पाठवलंच. आईचं सगळं जागच्या जागी. बाबांचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशे बारा, चांगलं तेहतीस. बाई म्हणाल्या, वाईट असतं ते रक्तवाहिन्यांत थर धरतं, एकशे तीसच्या आत हवं; चांगलं ते उचलून नेतं, चाळीसच्या वर हवं. बाबा रिपोर्ट घेऊन तडक लॅबमध्ये. "माप चुकलंय, दुरुस्त करून द्या." मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या ताईने बिचारीने पुन्हा रक्त घेतलं. दोनशे चौदा! बाबा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं, पहिला चुकलाय?"

मग बाईंनी चौकशी केली. सिगारेट? "फक्त कापड बेतताना." (आम्ही दिवसभर कापडच बेततो.) व्यायाम? "मशीनचं पायडल." (मोटर बसवून चार वर्षं झाली.) घरात कुणी कमी वयात हृदयाने गेलं? "छे!" मी चार माणसांत तोंड उघडत नाही, तुला माहीत आहे. पण निघूनच गेलं, "मोठे काका. त्रेचाळीसला." बाबा म्हणाले, "तो पहिल्यापासून घाईचाच." स्वतः आता चव्वेचाळीसचे आहेत. गोळ्या दिल्यात, त्या टाचण्यांच्या डब्यात आहेत. मी रोज मोजते, एकही कमी होत नाही. बाकी सगळं छान.

तुझी भाची

ता.क. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. रविवारी ये. सहज आल्यासारखं दाखव, पाणी पी, आणि मग ओरड. आणि तूही तपासून घे. सख्ख्या भावंडांनी करायची असते म्हणे तपासणी.

ता.क. दुसरा. मुलांनीही करायची असते. मी एकटीच जाऊन रक्त देऊन आले. वाईटवालं एकशे शहाण्णव आलंय. अजून घरी कुणाला बोलले नाही. तू शेजारी बसलीस तर सांगेन.

आणि हो, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या मांजरीला चार पिल्लं झाली.