दक्षिणेला थंडी नसते

१८ नोव्हेंबर, सकाळी ७

बायको आज शेजारच्या देशात गेली. ती नर्स आहे. डायलिसिसचं मशीन चालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून तिथल्या एका इस्पितळाने नव्या नर्स मुलींना शिकवायला चार महिन्यांसाठी बोलावलं आहे. मला आनंद आहे. पूर्ण आनंद आहे. बॅग मीच भरली. जाड कोट काढून ठेवला. तो देश आपल्या दक्षिणेला. दक्षिण म्हणजे ऊब, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तिने कोट दोनदा आत टाकला, मी दोनदा बाहेर काढला. मग तिने बॅगेची चेन लावली. पटलं असावं.

चार महिन्यांचे संकल्प: रोज चालणे. कपाट आवरणे. विनाकारण फोन न करणे.

त्याच दिवशी, सकाळी १०

फोन केला. कारण होतं. बस सीमेवर पोचली का? पोचली नव्हती.

२१ नोव्हेंबर

ती म्हणते तिथे फार गारठा आहे, सकाळी नळ गोठलेला असतो. समजावलं की नव्या जागी असं वाटतंच, थंडी निम्मी मनाची असते. हवामान कार्यालयात माझी बावीस वर्षं गेली. (आवक-जावक विभागात. पण प्रत्येक पत्रक माझ्याच हातून जातं, शिक्का मारताना नजर पडतेच.) वाऱ्यांच्या दिशा वीस मिनिटं सांगितल्या. ती मध्येच इस्पितळातल्या चादरींच्या खोलीबद्दल काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, आधी वारे पुरे होऊ देत.

२४ नोव्हेंबर

ऑफिसात निरीक्षक बाईंना सहज विचारलं. वय अठ्ठावीस, थर्मामीटर वाचतात. त्या म्हणाल्या, ते गाव पठारावर आहे, दोन हजार मीटर उंच, समुद्रापासून लांब. आपण समुद्राच्या काठी, म्हणून आपला हिवाळा दमट आणि मवाळ. नुसतं उत्तर-दक्षिण बघून चालत नाही, उंचीही बघायला लागते. मी हसलो. पुस्तकी ज्ञान.

दुपारी नकाशा काढून पाहिला. गाव गडद तपकिरी रंगात आहे. छपाईची चूक असू शकते.

२ डिसेंबर

घरात बसवत नाही. स्वयंपाकघर ते बाल्कनी चौदा पावलं. आज किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. चालण्याचा संकल्प यातच धरतो. कपाट आवरायला घेतलं. सगळं पलंगावर काढून ठेवलं आहे. शुक्रवारपासून सोफ्यावर झोपतो. पाठीला चांगलं असतं.

३ डिसेंबर

फोन तीन वेळा. दोनदा तिने उचलला नाही, वॉर्डात होती. तिसऱ्यांदा म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, माझं दोन मिनिटांत होतं. पठारावरच्या कोरड्या हवेबद्दल बरंच वाचून ठेवलं होतं. सगळं सांगून झालं तोवर तिची ड्यूटी सुरू झाली.

९ डिसेंबर

सगळा उलगडा झाला. तिथे थंडी कडक आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो. आणि बायकोला थंडी मुळीच सोसत नाही. म्हणजे तिला परत यायचंय, फक्त स्वतःहून म्हणायला जीभ रेटत नाही. तेच सांगायचं असणार. आपणच जाऊन घेऊन यावं. परतीची तिकिटं दोघांची काढली. तिला कळवलं नाही. चकित होईल.

शेजारचे शिंपीकाका म्हणाले, तिला विचारलंत का? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, विचारायचं काय त्यात.

२८ डिसेंबर, बसमध्ये

कोट घेतला नाही. घेतला असता तर ती म्हणाली असती, बघा. हाफ स्वेटर पुरे. बसला हीटर आहे.

त्याच दिवशी, दुपारी ३

उतरलो. लख्ख ऊन, निळंशार आभाळ. याला हे लोक थंडी म्हणतात! दहा पावलं सावलीत चाललो आणि दात वाजायला लागले. कान आहेत की नाहीत ते हाताने चाचपून पाहिलं.

इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहिलो. ती चार मुलींच्या घोळक्यात बाहेर आली. अंगात लाल जाड कोट, इथेच घेतलेला. मोठ्याने हसत होती. असं हसताना तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. उंचीवर ऑक्सिजन कमी असतो, त्याने होतं.

मला बघून आधी म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना? चकित झाली, असं म्हणायला हरकत नाही.

२९ डिसेंबर

तिची खोली नीटनेटकी आहे. खिडकीत दोन कुंड्या. घरमालकीण विधवा, खालीच राहते, प्रेमळ. तिची भाषा मला येत नाही, बायकोला आता बरी येते. बाईंची समजूत अशी की आमचा देश उत्तरेला, म्हणजे तिथे बारा महिने बर्फ. हे कुठलं अज्ञान! एखादा देश नकाशात कुठे आहे एवढ्यावरून कुणी हवामान ठरवतं का? मी तोंड उघडणार होतो, इतक्यात त्या माझ्या हाफ स्वेटरकडे बघून म्हणाल्या, उत्तरेकडची माणसं फार काटक, यांना थंडी शिवत नाही. बायकोने भाषांतर केलं.

मग दुरुस्ती करणं बरं दिसेना. सांगितलं की आमच्याकडे कधीकधी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडावं लागतं. एकदा मी असाच ऑफिसात गेलो, शर्टावर. पाच मिनिटं बोललो. बायकोने त्याचं भाषांतर तीन शब्दांत केलं. ही भाषा फार आटोपशीर दिसते.

बाईंना वाटलं मला उकडत असेल. त्यांनी उठून खिडकी उघडली.

३१ डिसेंबर

खिडकी उघडीच असते. त्या खास माझ्यासाठी येऊन उघडतात. मला बंद करता येत नाही, देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. काल मी अंगणात शर्टावर उभं राहून दाखवलं. बाईंनी शेजारणीला बोलावून आणलं.

बायकोला अजून तिकिटांचं सांगितलं नाही. तिचा मूड बघून सांगेन. ती सकाळी सातला जाते, चारला येते, येताना गुणगुणत असते. हिवाळ्याने माणसं सैरभैर होतात.

१ जानेवारी

शिंका. अंग मोडून आलं आहे. हवापालट.

२ जानेवारी

ताप एकशे दोन. बायकोने रजा घेतली, खिडकी लावली, माझ्यावर तीन रजया टाकल्या. मी कण्हत-कण्हत तिकिटं काढून दाखवली. म्हटलं, ही थंडी तुला झेपणारी नाही, चल घरी. ती तिकिटांकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेला बसून हळूच म्हणाली,

"थंडीचं राहू द्या. सहा आठवडे झाले, मी कशी आहे हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

मी आठवून बघितलं. नळाचं विचारलं होतं. वाऱ्याचं विचारलं होतं. तापाने आठवणीवर परिणाम होतो.

नाही. विचारलं नव्हतं.

३ जानेवारी

विचारलं.

पहिल्या आठवड्यात ती चादरींच्या खोलीत जाऊन रडायची. भाषा येत नव्हती, अंगावर कोट नव्हता. ज्या मुलीच्या हाताला कंप सुटायचा, तिने गेल्या सोमवारी सबंध वॉर्ड एकटीने सांभाळला. त्या दिवशी सगळ्याजणी फाटकापर्यंत हसत आल्या होत्या. तो मी आलो तोच दिवस. इस्पितळाने तिला जूनपर्यंत थांबण्याबद्दल विचारलं. ती तीन डिसेंबरला हो म्हणाली. मला सांगणारच होती, पण मी कोरड्या हवेबद्दल सांगत होतो.

तिला इथली थंडी आवडते. सकाळी चालताना डोकं स्वच्छ वाटतं म्हणाली.

तिचं तिकीट मी परत पाकिटात ठेवलं.

६ जानेवारी, बसमध्ये

शेजारची सीट रिकामी. पिशवी ठेवली आहे.

निघताना घरमालकीण बाईंनी हात जोडले आणि लांबलचक काहीतरी बोलल्या. बायको ओठ दाबून हसली. विचारलं तर म्हणाली, त्या म्हणतात, आता घरी बर्फात जरा जपून. तिने त्यांना खरं सांगितलेलं नाही. उपकार.

९ जानेवारी, संध्याकाळी ६

नवा संकल्प: फोनवर हवामान काढायचं नाही.

पाळला. दीड मिनिटात बोलणं संपलं. मी म्हटलं, बाकी? ती म्हणाली, बाकी ठीक. माझ्या जिभेवर तीन-चार वारे आले, गिळले. म्हटलं, त्या कंप सुटणाऱ्या मुलीचं काय झालं?

मग ती बोलायला लागली. चाळीस मिनिटं. मी कुठेही मध्ये बोललो नाही. फोन कट झाला का, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाही, ऐकतोय.

तिला खरं वाटलं नाही.