वाकडा पंख

ती. आत्याला,

वाकून नमस्कार. (वाकण्याची सध्या मला धास्तीच बसली आहे. का, ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? मांजरी अजून तुझ्याच उशीवर झोपते का? मी बरी आहे, म्हणजे उभी आहे आणि जेवते.

छावणीतली आपली शिवणखोली तू सोडलीस तशीच आहे, फक्त तुझ्या मशीनवर आता मी बसते आणि तुझ्यासारखीच पुटपुटते. तंबू, झेंडे, मच्छरदाण्या सगळं बाहेरून शिवून येऊ लागल्यापासून खोली बंद करायचं वरच्यांच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात मोठ्या साहेबांना सुचलं की लष्कराचं पहिलं विमान याच मैदानावरून उडालं, त्याला शंभरावर वर्षं झाली, तर तसंच विमान करून फाटकापाशी उभं करावं. त्या काळी विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. साहेब म्हणाले, "बाई, पंख नीट झाले तर खोलीचं मी बघतो." त्या दिवशी आनंदाने मी चहात मीठ घातलं, आणि तो प्यायलेही.

विमानाचा एकच फोटो उरलाय, साहेबांच्या खोलीत टांगलेला. सुतारदादांनी तो डोळ्यांत तेल घालून पाहिला. उजवा पंख खाली झुकलेला, शेपूट जरा मुरडलेलं. (मला वाटलं, वळताना काढला असेल. विमानातलं मला काय कळतं? मी आजवर शिडीच्या वर गेलेली नाही.) दादांनी लाकूड वाफवून वाफवून तोच झोक आणला. म्हणाले, "वाकडं सरळ कुणीही करतं, ताई. सरळ लाकूड इतकं बेताने वाकवून दाखवा." त्या वाकलेल्या सांगाड्यावर मी मापं घेतली आणि साठ्यातलं जुनं मांजरपाट शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरलं. टाके असे बसले की तूसुद्धा खोट काढली नसतीस. (काढली असतीस. पण थोडी.)

काल एक निवृत्त वैमानिक आजोबा आले, रविवारच्या समारंभाचे पाहुणे. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, चष्मा पुसला, दुसरी फेरी मारली. मग आजाऱ्याजवळ बोलावं तसं हळूच म्हणाले, "तो फोटो पडल्यानंतरचा आहे हो."

झालं होतं असं: खेचरांनी ते विमान मैदानावर ओढत आणलं, ते बराकीच्या छपराइतकं वर गेलं आणि खेचरांच्याच तबेल्यावर येऊन आदळलं. उडवणारा अधिकारी धूळ झटकत खाली उतरला. खेचरं मात्र पुन्हा कधी विमानाला जुंपून घ्यायला तयार झाली नाहीत. उडण्याआधी फोटो काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. म्हणजे आम्ही इतकं राबून एका अपघाताची हुबेहूब प्रत काढली.

साहेबांनी स्वतः विमानाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "रविवारपर्यंत सरळ करा." मी म्हटलं, असंच ठेवलं तर? खरं तर हेच आहे ना? "फाटकात पडलेलं विमान ठेवू, बाई? भरतीला पोरं येतात इथे." दादा पंखाखाली बसून राहिले, चहाही नको म्हणाले. आज त्यांनी पंख सरळ केला. आखडलेला पंख लांबला आणि माझं कापड हातभर कमी पडलं. साठ्यात आता फक्त ते हिरवं प्लास्टिकसारखं आहे, सुई गेली की भोक वाढतच जातं. एवढं जाड मांजरपाट बाजारात कुणी ठेवत नाही. रविवारी पंखाला भगदाड आणि सोमवारी खोलीला कुलूप. त्याच खोलीत टेबलाखाली बसवून तू मला सुईत दोरा ओवायला शिकवलंस. मला दुसरं काही येत नाही, आत्या, आणि या वयात नवं शिकायची उमेदही नाही.

असो. तू काळजी करू नकोस. गुडघ्यांना जप.

तुझी,
भाची

ता. क. तुझ्या ट्रंकेत तळाशी मांजरपाटाचं ठाण आहे ना, "मला शेवटी यात गुंडाळा" म्हणून ठेवलेलं? दरवर्षी तू "यंदा काही मी राहत नाही" म्हणतेस, त्याला ऊन दाखवतेस आणि घडी करून परत ठेवतेस. तेवढं उसनं मिळेल का?

आणखी एक. मध्येच तुला लागलं तर निरोप दे, मी पंख उसवून आणून देईन. टाके मुद्दाम सैलच घालते.

आणि शेवटचं. हे पत्र आणणारा ड्रायव्हर तुझ्या दारात थांबलेला असेल. त्याच्याकडे कापड देऊ नकोस. ते मांडीवर घे आणि त्याच्या शेजारी बसून तूच ये. एवढं कापड ताणायला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं, आणि सैल टाके घातल्याबद्दल मला कुणीतरी रागवायला हवं.