चित्र घेऊन आलेला माणूस

बा, ज्या दिवशी ते चित्र शाळेत लागलं त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. तू जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्या दिवसाबद्दल मी कुणाशी एक अक्षर बोललेले नाही. तुझ्याशीही बोलले नव्हते. क्रमाने लिहिते, म्हणजे मधलं काही गाळायची सोय राहणार नाही.

त्या हिवाळ्यात ओढा उतरताना तुझा घोटा मोडला, म्हणून मेंढरं काकाच्या हवाली करून तू केदारखेड्याहून जालन्याला माझ्या खोलीवर आलास. दवाखान्यात पट्टी बदलायला चार-चार दिवसांनी जावं लागे. गाडीतून उतरलास तेव्हा बरोबर एक शेळी होती. शेळी कशाला, असं मी विचारलं. घरात एक तरी जनावर नसलं तर माणसाला करमत नाही, असं तू म्हणालास आणि तिला अंगणातल्या लिंबाला बांधलंस. शेजारीपाजारी काय म्हणतील हे माझ्या मनात आलं. ते मी बोलले नाही, पण शेळी रस्त्यावरून दिसणार नाही अशी बाज तिच्यापुढे आडवी केली. तू ते पाहिलंस. 

मी तेव्हा बांधकाम खात्याच्या दफ्तरात नकाशे उतरवायच्या कामावर होते. दफ्तरात बाई मी एकटीच, त्यामुळे माझं टेबल पडद्याआड. इंजिनियरसाहेब पेन्सिलीने पुलाचा नाहीतर तलावाच्या सांडव्याचा नकाशा काढत. त्यावर मेणचट, झिरझिरीत कापड ताणून, खडूची पूड चोळून, मी तो शाईने उतरवत असे. त्या कामाचा एकच नियम होता. मूळ नकाशात आहे ते सुटता कामा नये आणि नाही ते वाढता कामा नये. हैदराबादला दोन वर्षं मी तेवढंच शिकले आणि चांगलं शिकले. माझी रेघ कुठे सुरू झाली आणि पेन कुठे उचललं, हे भिंग लावूनही कुणाला सापडत नसे.

बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी रद्दीत टाकलेलं एक इंग्रजी पुस्तक मला तिथेच मिळालं. मुलांसाठी केलेलं, पुठ्ठा नसलेलं. त्यात डायनोसॉर नावाच्या जनावरांवर बारा पानं होती. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी पृथ्वीवर होऊन गेलेले, घरापेक्षा उंच सरडे. एका पानावर दोन पायांवर उभ्या अशा एका सरड्याचा सांगाडा होता. का कोण जाणे, पण मला ते चित्र सोडवेना. सांगाडा मी दफ्तरातल्या वाया गेलेल्या कापडाच्या तुकड्यावर उतरवला. एक बरगडी इकडची तिकडे नाही. मग वाटलं, हा उभा आहे, तो चालताना काढावा, आणि हाडांवर मांस चढवावं. तिथे माझं अडलं. मूळ नकाशा नव्हता. आमच्या दफ्तराला सुट्टी शुक्रवारी असे; ती आली की मी सकाळपासून काढत बसायची, आणि दर वेळी कागदावर भरलेल्या पोत्याला पाय फुटल्यासारखं काहीतरी व्हायचं. खोडायचं, पुन्हा काढायचं. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि तरीही पुढच्या शुक्रवारची वाट पाहत होते.

असा एक शुक्रवार मला नीट दिसतो. मी ओसरीवर पाट मांडून बसले आहे. तू लंगडत मागे येऊन उभा राहतोस. तुझ्या घोंगडीचा वास आधी येतो.

"कामून काढून राह्यली हे?"

आवड म्हणून, असं मी सांगते. हे जनावर कुणी पाहिलंय का, असं तू विचारतोस. नाही, जमिनीत फक्त हाडं सापडली. मग मांस कुणी चढवलं? पुस्तकातल्या चित्रकाराने, अंदाजाने. तू वाकून कागद बघतोस. मला वाटतं, तुझे प्रश्न संपले.

"उभं ऱ्हायचं न्हाई माय हे. पडंल."

मी वर न पाहताच म्हणते की पुस्तकातही असंच आहे. तू खाली बसतोस, पट्टी बांधलेला पाय लांब करून, आणि माझ्या स्वच्छ कागदावर काळं बोट टेकवतोस. मागच्या पायाचा तो सांधा, जो मागे वळतो, त्याला मी गुडघा समजून मांडी तिथपर्यंत जाड काढली होती.

"हा गुडघा न्हाई. ही टाच हाय. गुडघा वर असतो, पोटाला लागून. तू पाह्यलं का, का नुसतंच काढलं?"

शेळ्यामेंढ्यांच्या घरात मी चौदा वर्षं वाढले होते. पाहिलं नव्हतं. तू मला शेळीपाशी नेलंस, माझा हात धरून तिच्या मागच्या मांडीवर ठेवलास, आणि कातडीखाली वाटीसारखं छोटं हाड सरकलं तसा तू म्हणालास, हा बघ गुडघा. तिथून खाली टाच. टाचेच्या खाली दिसतं ते नुसतं पाऊल, जनावर बोटांवर चालतं. कोंबडी तशीच, कुत्रं तसंच. तुझा सरडाही तसाच असणार, नाहीतर एवढं धूड तो पेलणार कसा? तुझं बोलणं बरोबर होतं. पुस्तकातला सांगाडा मी पुन्हा पाहिला तर त्यात ते सगळं होतं. मी ते हाड न् हाड उतरवलं होतं, आणि कुठलं हाड काय काम करतं याचा मला पत्ता नव्हता. मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. तू हसलास. "शेळीला शाई लागंल म्हणून भेती का? ती काही म्हणत न्हाई."

पुढच्या शुक्रवारी मी बाजारातून आले तेव्हा घरभर उग्र वास होता. खाटकाकडून बोकडाची मागची तंगडी आणून तू ती माझ्या भाताच्या पातेल्यात उकळत ठेवली होतीस. मी काय काय बोलले ते इथे लिहिते, कारण तेही गाळायचं नाही. हे केदारखेडं नाही, म्हणाले. इथे माणसं राहतात, म्हणाले. तू पातेलं उचलून अंगणात नेलंस, तीन दगडांवर ठेवलंस, आणि नंतर राखेने इतकं घासलंस की त्याची कल्हई गेली. दोन दिवसांनी ती हाडं, खरवडून उन्हात वाळवलेली, लोकरीच्या दोऱ्याने सांध्या-सांध्याला ओवून तू माझ्या पाटावर ठेवलीस. वरून धरून हलवली की पाय चालायचा. टाच मागे जायची, गुडघा पुढे यायचा, पाऊल उचललं जायचं. मला कुणी दिलेल्या वस्तूंत इतकी नेमकी वस्तू दुसरी नाही. मी फक्त "ठीक आहे" म्हणाले.

त्या पायावरून मी महिनाभर काढत राहिले. चालणारा, वळणारा, पाणी प्यायला वाकलेला. तू बाजेवर बसून बघायचास आणि थोडक्यात सांगायचास. इथं वजन न्हाई. हे जनावर लंगडतंय. हे बिलकुल खरं वाटतं. आणि एका शुक्रवारी माझ्या कागदावर तो सरडा खरोखर उभा राहिला. त्याचं वजन त्याच्या पायांवर आलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू नुसती मान डोलावलीस. नकाशा बरोबर उतरला म्हणून मला कधीही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई माझ्या ओळखीच्या होत्या. भल्या, शिस्तीच्या, पुण्याकडून आलेल्या. शाळेच्या प्रदर्शनात लावायला त्यांनी माझ्याकडून एक मोठं चित्र मागितलं. मी तोच सरडा काढला, दाराएवढ्या कागदावर. गुंडाळी टांग्यात मावेना, वाकली तर घडी पडणार. तू म्हणालास, मी नेतो. तुझा पाय अजून पुरता बरा नव्हता. तू ती गुंडाळी खांद्यावर घेतलीस, आणि मी दहा पावलं पुढे चालत राहिले. तुझ्या पायामुळे तू मागे पडत होतास, असं मी स्वतःला सांगितलं. मी सावकाश चालू शकले असते.

चित्र भिंतीवर लागलं. बाई चष्मा सारखा करत जवळ गेल्या. तू दाराशी, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, चित्राची दोरी गुंडाळत उभा. बाई म्हणाल्या, पुस्तकातलं चित्र मी पाहिलंय, त्यात हा प्राणी ठोकळ्यासारखा आहे. तुमच्या चित्रात त्याचा पाय जिवंत आहे, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, निरीक्षणाने. कशाच्या, कुणाबरोबर, ते म्हणाले नाही. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं.

"हे कोण?"

"चित्र घेऊन आलेत," मी म्हणाले.

बा, हे वाक्य मी नऊ वर्षं तपासते आहे. त्यात खोटं काहीच नाही. तू चित्र घेऊन आलाच होतास. मला तयार करायला वेळ लागला नाही, ते आयतं तोंडात आलं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटते. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तुला आत बोलावून खुर्ची दिली असती, आणि पायाबद्दल तुलाच दहा प्रश्न विचारले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. भीती होती म्हणावं, तर ती कशाची हे मला दाखवता येत नाही.

आणि तू लगेच म्हणालास, "म्या नुसतं उचलून आनलं, बाईसाहेब." माझ्याकडे न पाहता. मी घसरले आणि तू हात दिलास, इतक्या सहज. बाईंनी शिपायाला सांगून तुला ओसरीवर गूळपाणी द्यायला लावलं. माझ्यासाठी आत चहा आला. खिडकीतून मला तुझी पाठ दिसत होती. मी चहा संपवला.

परतताना मशिदीच्या कोपऱ्यावर आल्यावर एवढंच म्हणालास की सरड्याचा डावा पाय आणखी बोटभर मागे हवा होता, मग शेपटीचा तोल बसला असता. आता झालं ते, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाची शेळी सोडून, तिला घेऊन तू निघालास. पट्टीचे दोन हप्ते बाकी होते. थांब, असं मी एकदा म्हणाले. दोनदा म्हणायला हवं होतं. मेंढरांकडे बघायला पाहिजे, जल्दी जायला पाहिजे, असं तू सांगितलंस, आणि ते मला मानायला सोपं गेलं. पावसाळ्यानंतर तुला ताप आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई म्हणाली, पोरीचं चित्र शाळेत लावलंय, असं तू वाड्या-वस्त्यांवर सगळ्यांना सांगत होतास. पाय तू शिकवलास, हे तू तिलाही सांगितलं नव्हतंस.

मी आता त्याच शाळेत शुक्रवारी सकाळी चित्रं शिकवायला जाते. वर्ग हौसेचा आहे, ज्यांना यायचं त्या येतात. त्यांना मी आधी पेन्सिल देत नाही. ओसरीवर कुणाची तरी शेळी आणवते आणि म्हणते, हात लावून बघा, गुडघा शोधा. सगळ्या टाचेलाच गुडघा म्हणतात. गेल्या शुक्रवारी त्यांतल्या एकीने विचारलं, बाई, तुम्हाला हे कुणी दाखवलं? ती तुझ्यासारख्याच घरातली आहे. तिचा बाप अंतरवालीकडे मेंढरं हिंडवतो. सांगायला ह्याहून सोपी जागा मिळाली नसती. मी म्हणाले, पुस्तकात आहे.

म्हणून आज लिहायला बसले. आणखी एक सांगायचं राहिलं. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं चावडीवर मास्तर मोठ्याने वाचून दाखवत आणि चार माणसं ऐकत. तू असतास तर हेही तसंच वाचलं गेलं असतं. आणि मग, बा, मी हे लिहिलं नसतं.