स्थळ पाहायला गेले होते

सातारा,
७ फेब्रुवारी १९७४

चि. दादासो यास शालूअक्काचा आशीर्वाद. तोही निव्वळ सवयीने.

मंगळवारी, ५ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू सख्ख्या थोरल्या बहिणीला फसवलंस. आपल्या कुमुदला स्थळ आलंय, मुलगा मनाचा डॉक्टर आहे, त्याला सवड नाही म्हणून दवाखान्यातच पाहायचा, असं सांगून मला सांगलीत त्या बर्गे डॉक्टरांसमोर बसवलंस आणि स्वतः बाहेर बाकावर पेपर वाचत राहिलास.

मी रेशमी लुगडं नेसून, नारळ घेऊन गेलेली. शेती किती, भाऊ किती, तंबाखू खाता का, सगळं विचारलं. तो उत्तरं देत होता आणि माझे प्रश्न लिहून घेत होता. मुलगा टापटिपीचा आहे, असं मी मनात नोंदवलं. मग म्हटलं, मनाचं काम मी निवृत्त होईपर्यंत शाळेत तेहेतीस वर्षं केलं, मी शिकले त्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरही करत, गावचा देवऋषी तर अंगाऱ्यावर करतो. तुमचं निराळं काय? तो म्हणाला, सल्ला तुम्ही द्याल, धीर सिस्टर देतील, मानसशास्त्र शिकलेले चाचण्या घेऊन, बोलून वाट काढतील. मी आधी शरीराचा डॉक्टर झालो, म्हणून मन खचलं तर शरीरातही कारण शोधतो, आणि लागलं तर औषध देतो. एवढं बोलून तो उठला आणि माझा गळा चाचपू लागला. नवऱ्या मुलाने मुलीच्या आत्याचा गळा चाचपावा ही कुठली रीत? तरी मी मान वर केली.

झोप-भूक विचारली, तीही सांगितली. जूनमध्ये शाळा माझ्याशिवाय उघडली तेव्हापासून पहाटे तीनला जाग, दिवसभर खुर्ची. ऐकून घेतो चांगलं, म्हणून त्याला वर दोन गुण दिले. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर माझं नाव वाचलं तेव्हा कळलं, परीक्षा कुणाची चाललीय ते. तोही ओशाळला, तू मला सांगितलं असशील असं त्याला वाटलेलं. त्याला दोन मुलं आहेत.

मी वेडी नाही. पुन्हा जाणार नाही. लोभ तूर्त स्थगित.

शालूअक्का

सांगली,
११ फेब्रुवारी १९७४

ती. अक्काच्या पायी दादासोचा दंडवत.

खोटं बोललो, कबूल हाय. खरं सांगून तू आली नसतीस. वडलांनी तुला पाचगणीला घातलं आन् मला पलटणीत. बोलण्यात तुला जिंकणं मला कवाच जमलं न्हाई. पर संक्रांतीला आलीस तवा हरणाबाईच्या गूळपोळीचा एक तुकडा मोडलास, ताट सारलंस आन् पोळीला नाव ठेवलं न्हाईस. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच. ती आत जाऊन रडली, म्हणाली, वन्सं बऱ्या न्हाईत. लय घाबरलो बघ, तवा डॉक्टर गाठला. वेडी म्हणून न्हाई.

रक्त साताऱ्यातच तपासून घे. एवढं तरी ऐक. तू नारळ विसरलीस, तो आमी फोडला न्हाई.

माया पातळ करू नकोस.

तुझा दादासो

सातारा,
१० मार्च १९७४

चि. दादासो यास आशीर्वाद.

रक्ताचा कागद घेऊन मी गेल्या महिन्यात एसटीने एकटीच बर्गे डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझ्या घरी मुद्दाम आले नाही. गळ्यातली ग्रंथी निर्दोष निघाली. गळ्यातून निघणारे शब्द तपासायची सोय तिथे नाही. डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही, आळस नाही, उदासीचा आजार आहे. तेहेतीस वर्षं उदास मुलींना मी 'ताठ बस' एवढंच औषध दिलं, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. मलाच हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू.

गोळ्यांना तीन आठवडे झाले. पाचपर्यंत झोप लागते. काल शेजारच्या बनुबाईंनी शिरा पाठवला. त्यात साखर फार आहे असा मी उलट निरोप धाडला. त्या रुसल्या आहेत. हरणाबाईला हे आवर्जून सांग.

१९ मार्चला, मंगळवारी, पुन्हा बोलावलंय. एकटीने प्रवास जमतो. पण बाहेर बाकावर कुणी पेपर वाचत नसलं की आत मला बोलणं सुचत नाही. तेव्हा 'अक्काला मनोविकारतज्ज्ञाकडे नेतो' असं स्वच्छ अक्षरात, स्थळबिळ मध्ये न घालता, सहीनिशी लिहून पाठव, आणि न्यायला येताना तो नारळ आण. उत्तर शनिवार, १६ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी माझ्या हाती पडलं पाहिजे.

तुझी शालूअक्का