गुणी पेशंट

६ नोव्हें., इचिकावा, जपान
काल बाबांच्या आतड्यातली गाठ काढली. सर्जन म्हणाले, उत्तम झालं. आज वॉर्डात आणलं. चार खाटा, चारहींभोवती पडदे, भर दुपारी ओढलेले. बाबा दाराजवळ. खिडकी दोन पडद्यांपलीकडे.
चष्मा आणि कानातलं मशीन लॉकरमध्ये. हरवू नये म्हणून! दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र कळत नाही. पण सामान सुरक्षित.

७ नोव्हें.
बाबा गप्प. काहीही विचारा, नुसती मान हलते. नर्स मोरी-सान: "फार गुणी पेशंट. अजिबात त्रास नाही." पुण्याहून दादा: "झोपू दे गं त्यांना. तू उगाच डोकं खाऊ नकोस."
जन्मभर वकिली केलेला माणूस. रिक्षावाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांशी हुज्जत. हा गुणी?
कानाशी ओरडून विचारलं, "बाबा, आपण कुठे आहोत?"
"साताऱ्याला. पुढची तारीख पडली."

८ नोव्हें.
डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तपासलं. ऑपरेशननंतरचा भ्रम. "या वयात होतो." होतो ना? मग आधीच का नाही बघितलं? बाबांनी आरडाओरडा केला असता तर धावले असते. रोज झोपेची गोळी देत होते, रात्री नळ्या ओढू नयेत म्हणून. ती डॉक्टरांनी बंद केली. चष्मा, मशीन मी मागून घेतलं.
घरी निखिल: "आवाज चढवलास. इथे असं चालत नाही."
नवरा मला जपान शिकवतोय.

९ नोव्हें.
पडदा उघडला. मोरी-साननी ओढला. मी पुन्हा उघडला.
"बाकीच्यांना त्रास होईल..."
"विचारलंत त्यांना?"
मीच विचारलं. खिडकीजवळचे ओगावा-सान म्हणाले, "उघडा की. मला वाटायचं, तुमच्या वडिलांनाच नको असेल."
सगळे एकमेकांसाठी अंधारात!

१० नोव्हें.
बाबांना खुर्चीत बसवलं, चार पावलं चालवलं. वार विचारला. "शनिवार. मूर्ख समजतेस का मला?" रडूच आलं.
संध्याकाळी पुन्हा गप्प. निखिल म्हणतो, थकले असतील. असतील. किंवा...

११ नोव्हें.
सुट्टी संपली, उद्यापासून लॅब. मोरी-सानना नंबर दिला.
"काही त्रास झाला तर लगेच फोन करू."
"नको. त्रास दिला नाही, तर करा."
त्यांनी नंबर टिपून घेतला. मग नेहमीचं "हाय", म्हणजे "हो". कळलं म्हणून की माझी कटकट थांबावी म्हणून, कोण जाणे.